बुधवारी, तीन वाजता

हळदीच्या अडतीवर, वरच्या मजल्याला माझी खोली.
जिन्याला पोती टेकलेली,
येणाऱ्या प्रत्येकीच्या टाचा पिवळ्या:
बँकेतल्या बाईंच्या, मास्तरणीच्या, तुझ्याही, मल्लव्वा.

मी पाचची वेळ दिली होती. सगळ्यांना देते.
तू म्हणालीस, पाचला आमची वेणीफणी सुरू होते.
वहीत खाडाखोड केली.
मग तू खुर्ची उचललीस
आणि भिंतीला लावून बसलीस, दार दिसेल अशी.

मी विचारलं, या कामात कधी आलात?
"त्येच्यासाठी न्हाई आले ओ.
मालक चार दिस बोलंना झालाय. त्येच्यासाठी आलेय."

मालक.
मी शब्द लिहिला, खाली रेघ मारली.
पिळवणूक, अवलंबित्व,
असले जाडजूड शब्द पेनापाशी रांग लावून उभे.
तू वाकून बघितलंस.
"तुमी तुमच्या मान्साला काय म्हंता?"
अहो म्हणते, मी म्हटलं.
"मग? अहो हे काय नाव हाय व्हय?"

आण्णाप्पा. यार्डात तोलाईला.
तू हप्त्यावर फ्रीज घेतलास, त्याला न विचारता,
तिथून बिनसलं.
"म्हंतो, समदं तूच आणतीस, मग मी कशाला?
आता ह्येला काय सांगू?
ताप आला की उशाला बसतोस, त्येच्यासाठी?"
एवढं बोलून तू बराच वेळ
माझ्या पंख्याकडं बघत राहिलीस.

मी फॉर्मवर आले. निरोध वापरता?
"गिऱ्हाइकाला इचारता? त्येच्याबिगर पायरी चढू देत न्हाई."
आणि मालकाला?
"त्यो घरचा हाय."
मी 'धोका'च्या रकान्यात फुली मारली.
फुली खरी होती. रकाना अपुरा होता.
सगळ्या गल्लीत एकच माणूस,
ज्याच्यापुढं ते पाकीट निघत नाही.
त्याला वापर म्हणायचं म्हणजे
त्याला गिऱ्हाईक म्हणायचं.
हे मी पुढच्या बुधवारी बोलले, त्याच्या पुढच्याही,
हळूहळू, आणि अजून संपलेलं नाही.

एकदा तुझ्या दंडावर चार पिवळी बोटं दिसली.
माझ्या मनात लगेच दोन गोष्टी तयार:
एक मारहाणीची,
दुसरी न लागलेल्या लग्नाच्या हळदीची.
दोन्ही माझ्याच.
"हळद हाय ओ. यार्डातनं तसाच आलता, हात न धुता.
आज बोलला."
काय बोलला?
"फ्रीजमधी पानी ठीव म्हनला."

मारलंही होतं त्यानं. तीन वर्षांमागं.
तूच सांगितलंस, मी न विचारता.
तेव्हा गल्लीतल्या बायकांनी बैठक घेतली
आणि त्याला दोन महिने कोपऱ्यावरच अडवलं.
भाकरी पोरीच्या हातून पोचायची, तो नाही.
"तुमच्यात हाय का अशी बैठक?"
आमच्या इमारतीत अठरा फ्लॅट.
मी पाण्याचा पेला तुझ्याकडं सरकवला.

पुण्याच्या मॅडमना महिन्यातून एकदा
मी माझ्या केसेस सांगते, त्या माझ्या चुका काढतात.
यावेळी म्हणाल्या, तिला बाहेर पडायचंय का, विचारलंत?
नाही विचारलं.
बँकेतल्या बाई नवऱ्याबद्दल रडतात
तेव्हा मी त्यांना बँक सोडा म्हणत नाही.
फोनवर थोडी शांतता.
मग त्या म्हणाल्या, आणि ती स्वतःच बोलली तर?
तर ऐकेन, म्हटलं. तीन वाजता.

परवा मारुती रोडला तू समोरून आलीस,
शेजारी उंच, वाकलेला माणूस,
हात खिशात, तरी मनगटं पिवळी.
बाहेर ओळख दाखवायची नाही, हा माझा नियम.
मी चपलांच्या दुकानात बघू लागले.
"अक्का!"
सगळ्या रस्त्यानं वळून बघावं असा आवाज.
"फ्रीज रिपेर करनारा कोन ठावं हाय का?
ह्येनी बरफ खिळ्यानं उकरलाय."